पाण्याच्या दिवशी नेट चांगलं

मुलाखतीचा पहिला प्रश्न नीट ऐकू आला. दुसऱ्या प्रश्नाचे तीन-चार शब्द ऐकू आले. तिसरा प्रश्न विचारला गेला की नाही, हे मला आजही माहीत नाही. तोवर लॅपटॉपच्या पडद्यावर दोघांचे चेहरे थिजले होते. मॅडमचं तोंड अर्धवट उघडं आणि शेजारच्या सरांचा हात हवेतच. मी मात्र बोलत राहिले. गाव, कॉलेज, शेवटच्या वर्षाला केलेला प्रोजेक्ट, सगळं पाठ केलेलं होतं. ते त्या दोन थिजलेल्या चेहऱ्यांना सांगून संपवलं, शेवटी आभारही मानले, आणि मग पडद्यावर ओळ आली की जोडणी तुटली आहे.

तासाभराने मॅडमचा फोन आला.

"तुमचं काहीच ऐकू आलं नाही आम्हाला. पुढच्या गुरुवारी, अकरालाच, परत घेऊ. पण या वेळी नेटचं बघा हं काहीतरी. तिसऱ्यांदा नाही जमणार."

"हो मॅडम. नक्की मॅडम."

"आणि तो एवढा आवाज कसला होता?"

"रस्त्यावरचा, मॅडम," मी म्हटलं.

ते खोटं होतं. आवाज यंत्रमागांचा होता. सोलापूरच्या पूर्व भागात मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्या घराच्या पाठच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग होते आणि सकाळी आठ ते संध्याकाळी आठ ते चालायचे. त्यांची लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण तेव्हा मला पुष्कळ गोष्टी उगाचच लपवाव्याशा वाटायच्या.

ती मुलाखत पुण्याच्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी होती. काम चांगलं केलं तर पुढे तिथेच नोकरी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. आमचं गाव सांगोला तालुक्यात. वडील मेंढरं राखतात, आई घर आणि शेरडं बघते. मला सोलापूरला पाठवताना त्यांनी कुरकुर केली नाही, पण परीक्षा जवळ आल्यापासून आई फोनवर म्हणायची, "परीक्षा झाली की ये घरी. मंग बघू." त्या 'मंग बघू'चा अर्थ मला कळत होता. माझ्याबरोबरच्या दोघींचं तसं बघून झालं होतं. ही निवड झाली नाही तर मी गावी परतणार होते, आणि एकदा परतल्यावर पुन्हा निघणं होईल असं मला वाटत नव्हतं. आईवडिलांनी अडवलं असतं म्हणून नव्हे. मीच काही बोलले नसते.

हातात सात दिवस होते.

नेट बिघडलंय हे मला आधी का कळलं नाही, तेही सांगायला हवं. एरवी मी दिवसभर कॉलेजात असायचे. रात्री लॅपटॉप उघडायचे तेव्हा वायफाय ठीक चालायचं. परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागली आणि मी दिवसा घरी बसू लागले, तेव्हापासून ते धरसोड करू लागलं. पूर्ण जात नसे, तेच अवघड होतं. गेलं असतं तर तक्रार करता आली असती. कोपऱ्यातल्या त्या छोट्या पंख्याची एक पट्टी दिसायची, मग दीड मिनिटाने तीही पुसट, मग पुन्हा एक.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते आता सांगायला संकोच वाटतो. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले. आमच्या गावात रेंज हवी असेल तर उंचावर जावं लागतं. तळ्याच्या बांधावर एक बाभूळ आहे, तिच्या बुंध्याशी उभं राहून पूर्वेला तोंड केलं की दोन कांड्या येतात. वडील रोज संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालून तिथे जातात आणि मला फोन करतात. त्यामुळे नेट नाही म्हटल्यावर माझे पाय आपोआप वर चढले. खोली पहिल्या मजल्यावर होती, तिच्या वर गच्ची. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन, लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून मी गच्चीच्या चारही कोपऱ्यांत उभी राहिले. होती ती एक पट्टीही गेली.

आईला सांगितलं, तर तीही म्हणाली, "अजून वर चढ की जरा. टाकी न्हाय व्हय तितं?"

"टाकी आहे."

"मंग टाकीवर चढून बघ."

मी पाण्याच्या टाकीकडे बघितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. लॅबमध्ये एक सहायक होते. सगळे त्यांना भाई म्हणायचे. पन्नाशीचे, कायम खिशाला स्क्रू-ड्रायव्हर लावलेले. मला जुना लॅपटॉप शोधून देणारेही तेच. मुलाखत लॅबमध्ये देता आली असती तर प्रश्नच नव्हता, पण त्या आठवड्यात तिथे विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, बाहेरचं कुणी आत बसू शकत नव्हतं. मोबाइलवरून लॅपटॉपला नेट देऊन बघितलं होतं. आमची गल्ली सगळी पत्र्याच्या शेडांची, तिथे मोबाइलची रेंजच धड येत नसे. मैत्रिणीच्या हॉस्टेलवर बाहेरच्यांना मनाई होती.

मी गच्चीची हकिगत सांगितली, तसे भाई हसायला लागले.

"अरे बेटा, राउटर खाली, आणि तू वर कायकू चढली? विहिरीतलं पाणी काढायला झाडावर चढतेस का?"

मग त्यांनी माझा लॅपटॉप घेतला. वायफायचं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलं. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप वायफायला मधेच झोपवतो, ती सोय बंद केली. घरातलं कनेक्शन विसरायला लावलं, म्हणजे घरी गेल्यावर पासवर्ड टाकून नव्याने जोडता येईल. लॅबच्या वायफायवर बघितलं तर सगळ्या पट्ट्या भरलेल्या.

"लॅपटॉप एकदम तंदुरुस्त आहे. राउटर कुठं ठेवलाय घरात?"

"खाली. घरमालकांच्या स्वयंपाकघरात."

"कशावर? कशाच्या बाजूला? फ्रीजच्या पाठी आहे का?"

"नाही… बाहेरच आहे," मी म्हटलं.

हे दुसरं खोटं. मी तो राउटर कधी पाहिलाच नव्हता. तीन वर्षांत मी त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. कुणी ये म्हटलं नाही असं नाही. घरमालकीणबाई तर रोज म्हणायच्या. मलाच वाटायचं, आपण भाडेकरू, दुसऱ्याच्या चुलीपाशी कशाला जावं.

घरमालक मूळचे तेलुगू बोलणारे. चार पिढ्या इथे, मराठी आपल्यासारखंच. अख्खी गल्ली घरमालकीणबाईंना अम्मा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्या मला बंगारू म्हणायच्या, म्हणजे सोनं. ते वायफाय त्यांच्या मुलाने घेतलेलं. तो लग्नानंतर परगावी गेला आणि आता त्या नेटवर घरात मी एकटीच होते. अम्मा रोज जिन्यात गाठून विचारायच्या, "नेट बरं हाय ना गं, बंगारू?" आणि मी म्हणायचे, "बरं आहे अम्मा." दुसरं काय म्हणणार? भाड्यात धरलेलं नव्हतं ते. आपल्याला मिळालेल्या गोष्टीला नाव कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी येऊन पासवर्ड टाकला. एक पट्टी. मग पुसट.

शनिवारी दुपारी जिन्यात लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा घरमालक काका वर आले. ते आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. उतारवयात स्वतःचे चार माग टाकलेले. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, भुवयांवर सुताचं पांढरं तूस.

"काय करायलीस इथं पायरीवर?"

"काही नाही काका. नेट बघत होते."

"सापडलं का?"

मी हसले, आणि मग का कोण जाणे, डोळे भरून आले. मुलाखतीचं सगळं त्यांना सांगितलं. ते माझ्या खालच्या पायरीवर बसले.

"आतापर्यंत काय काय केलंस?"

मी सांगितलं: ड्रायव्हर, बॅटरीची सोय, पासवर्ड, जागा बदलून बघणं.

"सगळं एकदमच?"

"हो."

"तिथंच चुकलं. माग बंद पडला की नवा जॉबर चार नट एकदम फिरवतो. माग चालू होतो, पण कशानं झाला ते त्याला कळत नाही. परत बंद पडला की परत चार नट. जुना माणूस एक नट फिरवतो, थांबतो, कापड बघतो. आणि लिहून ठेवतो." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून मला दिली. "वही आहे ना? दर तासाला लिही. नेट कसं होतं. आणि त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिही. लाइट, हवा, कोण आलं, कोण गेलं, सगळं."

"नेटचा आणि कोण आलं-गेलं याचा काय संबंध, काका?"

"नसेल. ते आत्ताच कसं ठरवायचं?"

ती वही माझ्याकडे अजून आहे. शनिवारच्या पानावर लिहिलंय: दुपारी तीन, एक पट्टी, माग चालू, ऊन. चार वाजता, एक पट्टी, माग चालू, मांजर. संध्याकाळी साडेआठ, सगळ्या पट्ट्या, माग बंद. रविवारचं पान वेगळं आहे. सकाळी नऊ, सगळ्या पट्ट्या, माग चालू, पाणी आलं. दहा, सगळ्या पट्ट्या, माग चालू. दुपारभर तसंच. मी त्या पानाच्या कडेला 'सुटलं!' असं लिहून ठेवलंय. सोमवारी मागांना सुट्टी, त्या दिवशीही नेट छान. मला वाटलं, भाईंच्या उपायांचा गुण उशिरा आला. मंगळवारी सकाळी आठला माग सुरू झाले आणि सव्वाआठला लॅपटॉपवर पुन्हा एक पट्टी.

काकांनी वही वाचली. चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"माग चालू की नेट खराब. माग बंद की नेट चांगलं. मोटारींचा त्रास होत असणार."

"पण रविवारी माग चालू होते, काका."

"रविवारचं राहू दे जरा. आधी मागांचं बघू." ते उठले. "तू वर जा, पडद्याकडं बघत बस. मी बंद करतो."

"नको काका, कशाला…"

"अगं, बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मी वर गेले. थोड्या वेळाने एक माग थांबला, मग दुसरा, तिसरा, चौथा. भर दिवसा त्या घरात तशी शांतता मी तीन वर्षांत ऐकली नव्हती. शेजारच्या घरातली फोडणी ऐकू आली. मी पडद्याकडे बघत राहिले. एक पट्टी. पंधरा मिनिटं माग बंद होते आणि पंधरा मिनिटं एकच पट्टी होती.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की चालता माग मधेच थांबवून पुन्हा सुरू केला की कापडावर आडवी फिकट पट्टी उठते आणि तो टॉवेल दुकानात जात नाही. चार मागांवर चार पट्ट्या उठल्या. काकांनी एका शब्दानेही ते बोलून दाखवलं नाही. त्यातला एक टॉवेल पुढे मला दिला, एवढंच. मी तो अजून वापरते.

"मागांचा दोष नाही," खाली गेल्यावर ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. "एक नट कमी झाला."

मला मात्र रडू येत होतं. मंगळवार संपत आला होता. संध्याकाळी वडिलांचा बाभळीखालून फोन आला. "झालं का गं नीट?" त्यांनी विचारलं. "होतंय," मी म्हटलं. मागून मेंढरांचा आवाज येत होता. तो मला इतका स्पष्ट ऐकू येत होता, आणि पुण्यातली दोन माणसं मात्र मला ऐकू येत नव्हती.

बुधवारी सकाळी वही घेऊन मीच खाली गेले. काका चहा पीत होते. अम्मा स्वयंपाकघरात पाटावर बसून चिंच फोडत होत्या. मी नेहमीसारखी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले.

"काका, रविवारचं काही कळत नाही. माग चालू होते, ऊन तेवढंच होतं, कोणी आलं-गेलं नाही. वहीत वेगळं असं एकच आहे. रविवारी पाणी आलं होतं."

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरायची, हा शहराचा नियमच आहे.

काका हसले. "पाणी आलं म्हणून नेट आलं? दोन्ही नळानंच येतं का?"

"तसंच दिसतंय वहीत," मी म्हटलं. खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या मनात आलं होतं की मॅडमना फोन करून सांगावं, मुलाखत शुक्रवारी घ्या, आमच्याकडे शुक्रवारी पाणी येतं.

"पाण्याचा आणि नेटचा कसला संबंध," काका म्हणाले.

"का नाही?" चिंच फोडता फोडता अम्मा म्हणाल्या. "पाण्याच्या दिवशी पातेलं लागतं की."

"कुठलं पातेलं?"

"ते नेटवरचं."

काकांचा कप ओठांपाशीच राहिला. मी म्हणाले, "अम्मा, नेटवरचं पातेलं म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे नेटवर घालते ते! ये, आत ये. दाराबाहेर काय उभी राहतीस पाहुण्यासारखी?"

मी उंबरा ओलांडला. भिंतीवर देवांच्या फळीशेजारी दुसरी फळी होती आणि तिच्यावर जर्मनचं एक मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. ते जुनं ॲल्युमिनियम, बुडाला काळं झालेलं. त्याच्या कडेखालून दोन वायरी बाहेर आलेल्या. वायरी दबू नयेत म्हणून कडेला एका बाजूने सूत संपलेली लाकडी कांडी सरकवलेली होती, त्यामुळे पातेलं बोटभर उचललेलं.

"ही कांडी त्याला श्वास घ्यायला," अम्मा म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी नेट एकदा पूर्ण बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला आला, त्याने तो डबा उघडून फुंकर मारली तर आतून मूठभर तूस निघालं. माग चालले की तूस सगळ्या घरात उडतं. तो म्हणाला, झाकून ठेवत जा. म्हणून त्या दिवसापासून, सकाळी आठला माग सुरू झाले की अम्मा जशा पाण्याच्या माठावर झाकण ठेवत, देवांवर फडकं घालत, तसंच नेटवर पातेलं घालत. आठला माग थांबले की काढून ठेवत. सोमवारी सुट्टी, त्यामुळे घालायचा प्रश्न नाही. आणि पाण्याच्या दिवशी भांडी कमी पडतात, म्हणून त्या दिवशी पातेलं नळाखाली.

काकांनी कप खाली ठेवला आणि वही उचलली. एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मी फळीवर हात उंच करून पातेलं काढलं. आत तो काळा डबा अगदी स्वच्छ होता, चार हिरवे दिवे लुकलुकत होते. मोबाइलवर बघितलं. सगळ्या पट्ट्या.

"अम्मा, भांड्यातून नेट बाहेर येत नाही," मी म्हटलं. "धातूतून ते जात नाही."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला. चिंचेचे हात तसेच गालाला लागले.

"अय्यो. म्हणजे तुझी परीक्षा मी बुडवली?"

"परीक्षा नाही, मुलाखत. आणि बुडालेली नाही. उद्या आहे परत."

"मी रोज विचारत होते गं. नेट बरं हाय का, म्हणून. तू म्हणायचीस बरं हाय अम्मा. मला वाटायचं, माझ्या झाकण्यानं बरं हाय. मग मी अजून नीट झाकायची. आधी कांडी दोन होत्या. एक काढून टाकली, तूस जाईल म्हणून."

मी एकदा जरी 'बरं नाही' म्हटलं असतं, तर ते पातेलं महिन्यापूर्वीच निघालं असतं. मी चांगुलपणाने गप्प बसत होते असं मला वाटायचं. पण माझ्या प्रत्येक 'बरं आहे' ने ते झाकण आणखी घट्ट होत होतं. मी अम्मांच्या शेजारी पाटावर बसले आणि एक चिंच उचलली.

"मी सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"सांगायला हवं होतंच," काका म्हणाले. "चार दिवस माझ्या डोक्याला ताप. आणि दोष कुणाचा? घरातल्याच जॉबरचा." त्यांनी अम्मांकडे बोट दाखवलं.

"गप बसा," अम्मा म्हणाल्या. "तुमच्या मागांचंच तूस हाय ते."

गुरुवारी सकाळी काकांनी विचारलं, माग बंद ठेवू का तासभर, आवाज नको. मी नको म्हटलं. मला तोवर फिकट पट्टीचं कळलं होतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं, तो आवाज मला आता लपवावासा वाटत नव्हता. अम्मांना काळजी वेगळीच होती. उघडं ठेवलं आणि नेमकं आज तूस जाऊन बंद पडलं तर? त्या पातळ फडकं घालते म्हणाल्या, भाईंनीही फोनवर सांगितलं की कापडाने काही होत नाही. पण अम्मांचा आता कुठल्याच झाकणावर विश्वास राहिला नव्हता. "आज काही घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू वर जा. खालचं मी बघते." म्हणजे काय बघणार, हे मी विचारलं नाही. अकराला पाच मिनिटं कमी होती.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. एकही शब्द तुटला नाही. मॅडमचा चेहरा हलत होता, सर मान डोलवत होते, त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसत होतं. मी काही उत्तरं बरी दिली, दोन चुकवली. एकदा मॅडम म्हणाल्या, "तो आवाज आजही येतोय. रस्त्यावर काही काम चालू आहे का?"

"नाही मॅडम. यंत्रमाग आहेत. मी ज्यांच्याकडे राहते त्यांचे. टॉवेलचे."

"अच्छा. त्रास नाही होत?"

"बंद झाले की होतो," मी म्हटलं. ते ऐकून सर पहिल्यांदा हसले.

निकाल दोन आठवड्यांनी मेलवर आला. माझी निवड झाली. तो मी त्याच जिन्यात वाचला, मग खाली जाऊन वाचून दाखवला, मग संध्याकाळी बाभळीखाली उभ्या असलेल्या वडिलांना सांगितला. ते म्हणाले, "म्हंजी आता पुण्याला व्हय?" मी म्हटलं, हो. 'मंग बघू' असं कुणी म्हणालं नाही. पण मला तो दिवस आठवतो तेव्हा निकालाचा आठवत नाही. गुरुवारचाच आठवतो.

मुलाखत संपल्यावर मी लॅपटॉप मिटून खाली आले. स्वयंपाकघराचा उंबरा न थांबता ओलांडला. अम्मा फळीखाली स्टुलावर उभ्या होत्या. एका हाताने भिंतीचा आधार, दुसऱ्या हातात टॉवेल, आणि तो टॉवेल त्या राउटरवरून हळूहळू इकडून तिकडे हलवत होत्या, ताटावरच्या माशा वारतात तसा. चाळीस मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. त्यांच्या केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर पांढरं तूस बसलं होतं. राउटरवर एक कणही नव्हता. पातेलं खाली पाटावर तयार ठेवलेलं होतं, कांडीसकट.

मला बघून त्यांचा हात थांबला नाही.

"झालं बोलून? ऐकू गेलं त्यांना?"

"सगळं ऐकू गेलं, अम्मा."

"मग आता झाकू?"

मी पातेलं उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अलगद पालथं घातलं. मग कडेखाली कांडी सरकवली, थोडा विचार केला, आणि म्हणाल्या, "दुसरी पण दे. तिथं कोपऱ्यात पडली हाय बघ."